मुघल बादशहांचा विलास : राजवाड्याचा खर्च मोठा की छावणीचा?

शाहजहानाचे मयूरसिंहासन आणि औरंगजेबाची खुलताबादची साधी, उघडी कबर ही दोन चित्रे आपल्या मनात शेजारी शेजारी असतात, आणि त्यांच्यावरून एक उधळ्या व दुसरा काटकसरी असा निकाल आपण शालेय वयापासून देत आलो आहोत. मुघल बादशहांच्या विलासाची चर्चा बहुतेक वेळा याच निकालाभोवती फिरते. कोणी हिरेमाणके मोजून रयतेच्या हालअपेष्टांचे खापर त्यांच्यावर फोडतो, तर कोणी ताजमहालाकडे बोट दाखवून सगळे माफ करतो. मला या धाग्यात वेगळा मुद्दा मांडायचा आहे. राज्यकर्त्याची राहणी कशी होती यावरून त्याचे राज्य रयतेला किती महाग पडले हे ठरत नाही. ते ठरवायचे असेल, तर राजवाड्याचा खर्च आणि मोहिमांचा खर्च एकाच वहीत मांडून पाहावा लागतो.

प्रथम सिंहासनाविषयी. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने दिलेली माहिती अशी की, राज्यारोहणानंतर लगेचच, म्हणजे १६२८ मध्ये, शाहजहानाने हे काम काढले, बेबदल खान याच्या देखरेखीखाली ते सात वर्षे चालले आणि १६३५ च्या नौरोजला बादशहा त्यावर प्रथम बसला. त्यात १ लाख तोळे सोने होते, ज्याची किंमत १४ लाख रुपये होती, आणि ८६ लाखांची रत्ने होती. म्हणजे एकूण १ कोटी. आकडा प्रचंड आहे यात शंका नाही. मात्र त्यातली रत्ने सिंहासनासाठी बाजारातून नव्याने विकत घेतलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या जवाहिरखान्यातून ती निवडलेली होती, आणि कोठारात पडून राहण्यापेक्षा ती लोकांच्या दृष्टीस पडावीत हा हेतू लाहोरी स्वतः नोंदवतो. राजाची संपत्ती पाहून सरदारांनी, वकिलांनी आणि शेजारच्या सत्तांनी काय समजायचे ते समजावे, यासाठी ते सिंहासन होते.

सिंहासनाचा खर्च ताडून पाहायचा तर, त्याच लाहोरीच्या आधाराने साम्राज्याचा कागदोपत्री महसूल १६४७ च्या सुमारास ८८० कोटी दाम, म्हणजे २२ कोटी रुपये होता. शाहजहानाच्या पहिल्या वीस वर्षांत इमारतींवर झालेला खर्च सुमारे अडीच कोटी सांगितला जातो. ताजमहालाच्या खर्चाचे आकडे लाहोरीच्या ५० लाखांपासून नंतरच्या लेखकांच्या ३ कोटींहून अधिकपर्यंत बदलतात, कारण कोणी केवळ मजुरी धरतो आणि कोणी सामानसुमानासह सगळे धरतो. त्या कबरीच्या देखभालीसाठी ३० गावांचा महसूल आणि तिथल्या सराया व दुकानांचे उत्पन्न लावून दिलेले होते, हेही ध्यानात ठेवावे.

आता दुसरी बाजू. १६४६ आणि १६४७ या दोन वर्षांत शाहजहानाने बल्ख आणि बदख्शान जिंकण्यासाठी हिंदुकुशपलीकडे फौजा पाठवल्या. आधी शाहजादा मुराद गेला, तो तिथे टिकला नाही, मग औरंगजेबाला पाठवले. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी या मोहिमेचा खर्च सुमारे ४ कोटी रुपये काढला आहे, आणि जिंकलेल्या मुलखातून त्या दोन वर्षांत आलेला महसूल साडेबावीस लाखांच्या आसपास होता. अखेर तो मुलूख सोडून परत यावे लागले. लढाईत सुमारे ५०० सैनिक पडले, पण डोंगरातल्या थंडीने आणि बर्फाने त्याच्या दहापट माणसे, म्हणजे सैनिक आणि बाजारबुणगे मिळून, मेली. एक इंच जमीन मिळाली नाही. त्यानंतर १६४९, १६५२ आणि १६५३ असे तीन वेढे कंदाहारला घातले गेले आणि तिन्ही फसले. चार मयूरसिंहासने घडवता आली असती एवढा पैसा एकट्या बल्खच्या बर्फात गेला. तरीही शाहजहानाच्या उधळपट्टीची चर्चा निघाली की बल्खचे नाव कोणी काढत नाही.

औरंगजेबाकडे वळले की हा मुद्दा अधिक ठळक होतो. १६६८ च्या सुमारास त्याने दरबारातले गाणे-बजावणे बंद केले, सोन्यारुप्याने तुला करण्याचा प्रघात मोडला, झरोक्यातून दर्शन देणे थांबवले. टोप्या शिवून मिळालेल्या ४ रुपये २ आण्यांतून कफनाचा खर्च करावा आणि कुराणाच्या नकला करून मिळालेले ३०५ रुपये फकिरांना वाटावेत, असे सांगणारे त्याच्या नावावरचे मृत्युपत्र प्रसिद्ध आहे. बीबी का मकबरा, जो ताजमहालाच्या धर्तीवर उभा राहिला, त्यासाठी सुमारे सात लाख रुपयेच खर्ची पडले. वैयक्तिक साधेपणाबद्दल त्याच्यावर शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही.

पण हाच साधा माणूस १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला आणि १७०७ मध्ये अहमदनगरला मरेपर्यंत उत्तरेत परतला नाही. नेपल्सचा प्रवासी जेमेली करेरी १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगले येथे त्याच्या छावणीत पोचला. त्याच्या अंदाजाने छावणीचा परीघ तीस मैल होता, तिच्यात अडीचशे बाजार होते आणि पाच लाख माणसे राहत होती. पांढरी वस्त्रे नेसलेला, वयाने वाकलेला बादशहा चष्म्याशिवाय अर्ज वाचून त्यांवर स्वतःच्या हाताने शेरे लिहीत होता, असे करेरी सांगतो. त्या म्हाताऱ्याला स्वतःसाठी फारसे काही लागत नव्हते, परंतु त्याच्याभोवती वसलेल्या चालत्या शहराला रोज दाणा, वैरण, लाकूडफाटा आणि पगार लागत होता, आणि तो सगळा भार ज्या मुलखातून ती छावणी सरकत होती त्या मुलखावर पडत होता. तो मुलूख आपला होता: भीमा, नीरा, कृष्णा यांच्या काठचा.

१७०० नंतरच्या वेढ्यांचा हिशेब पाहा. साताऱ्याच्या किल्ल्याखाली लावलेला सुरुंग उलटला आणि बादशहाचीच सुमारे दोन हजार माणसे दगडांखाली सापडली. विशाळगड १७०२ मध्ये मिळाला, तोही मराठ्यांना दोन लाख रुपये देऊन, आणि तिथून पावसाळ्यात पन्हाळ्याकडे परतताना तीस मैलांच्या वाटेला अडतीस दिवस लागले. घेतलेले बहुतेक किल्ले मराठ्यांनी काही वर्षांत परत जिंकले. शेवटी शेवटी सैनिकांचे तीन तीन वर्षांचे पगार थकले होते. इटालियन प्रवासी मनुची लिहितो की दख्खनच्या शेतांत झाडे आणि पिके उरली नाहीत, त्यांच्या जागी माणसांची आणि जनावरांची हाडे दिसतात. त्याचे मृतांचे आकडे अतिशयोक्त असू शकतात, पण बुऱ्हाणपुरात जन्मलेला आणि आयुष्यभर मुघलांच्या चाकरीत राहिलेला भीमसेन सक्सेना हाही उजाड मुलखाचे आणि न पिकणाऱ्या जहागिरींचे वर्णन करतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, विलासी शाहजहानापेक्षा काटकसरी औरंगजेब महाराष्ट्राला कितीतरी महाग पडला. याचा अर्थ विलास निर्दोष ठरतो असा मुळीच नाही. सदस्यांनी आपापली माहिती आणि आक्षेप मांडावेत.

प्रतिसाद : जमाखर्च

मांडणी पटण्यासारखी आहे, परंतु २२ कोटींशी सिंहासनाची तुलना करणे मला योग्य वाटत नाही. तो आकडा जमेचा आहे, म्हणजे अपेक्षित आकारणीचा; प्रत्यक्ष वसूल त्याहून कमी असे. शिवाय त्यातला फार मोठा भाग जहागिरींच्या रूपाने मनसबदारांना, म्हणजे दर्जाप्रमाणे फौज बाळगणाऱ्या सरदारांना, नेमून दिलेला होता. बादशहाच्या स्वतःच्या खालशात, म्हणजे जहागिरीत न देता राखून ठेवलेल्या भागात, १६४७ मध्ये सुमारे ३ कोटी रुपयांचा मुलूख होता. या हिशेबाने सिंहासन म्हणजे खालशाच्या एका वर्षाच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा होतो, आणि मग ते फार लहान राहत नाही.

दुसरे असे की, सिंहासन घडत असतानाच गुजरात आणि दख्खनमध्ये १६३० ते १६३२ चा भीषण दुष्काळ पडला. शाहजहान त्या काळात निजामशाहीवरच्या आणि खानजहान लोदीवरच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरातच होता. १६३१ च्या जूनमध्ये मुमताज तिथेच वारली. माणसे भाकरीच्या तुकड्यासाठी स्वतःला विकायला निघाली पण घेणारे कोणी नव्हते, पिठात हाडांची भुकटी मिसळून विकली गेली, हे वर्णन शत्रूने केलेले नाही, लाहोरीनेच केले आहे. सुरतेहून आग्र्याला जाणाऱ्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानेही वाटेवर प्रेतांचे खच पाहिले. अशा वेळी बादशहाने लंगर उघडले, दर सोमवारी ५,००० रुपये याप्रमाणे वीस आठवडे मिळून १ लाख रुपये बुऱ्हाणपुरात वाटले आणि ५०,००० रुपये अहमदाबादसाठी दिले. महसुलात सुमारे ७० लाखांची सूट दिली गेली हे खरे, पण जिथे पीकच नव्हते तिथला बराचसा महसूल तसाही आला नसता. रोख मदत दीड लाख आणि सिंहासन १ कोटी. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर विलासाचा प्रश्न इतक्या सहज बाजूला सारता येत नाही.

हाच दुष्काळ देहूलाही होता. तुकोबांची पहिली पत्नी अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितले आहे. बुऱ्हाणपूरच्या सोमवारच्या पाच हजारांतला एक दाम देहूपर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता; तो मुलूख तेव्हा निजामशाही, आदिलशाही आणि मुघल यांच्या फौजांच्या ये-जा करण्याचा मुलूख होता.

प्रतिसाद : धागालेखक

खालशाचा आकडा धरून हिशेब केला पाहिजे, हे मला मान्य आहे. त्या मापाने बल्खची मोहीम सव्वा वर्षाच्या खालशाहून अधिक होते, म्हणजे दोन्ही खर्चांतले अंतर तसेच राहते.

दुष्काळाविषयी आपण लिहिले ते मला मूळ लेखातल्या कोणत्याही गोष्टीपेक्षा महत्त्वाचे वाटते. त्यात एवढीच भर घालतो की, त्या दुष्काळाची तीव्रता वाढवण्यात पावसाइतकाच मोहिमेचाही हात होता. बादशाही फौज, तिचे घोडे, हत्ती आणि बैल दोन वर्षे बुऱ्हाणपुराभोवती तळ देऊन होते आणि पावसाअभावी आधीच अपुरे पडलेले धान्य व वैरण त्यांच्याकडे जात होती. माळव्यातून येणारे बंजाऱ्यांचे तांडे बुऱ्हाणपूरकडे वळवले जात होते, हे मंडीच्या प्रवासवर्णनावरूनही कळते. सिंहासनातल्या रत्नांचे धान्य करता आले असते का, हा प्रश्न नैतिक दृष्टीने रास्त आहे. पण छावणीने खाल्लेले धान्य हे मुळात धान्यच होते.

प्रतिसाद : पैलतीर

विलासाच्या चर्चेत जनानखान्याचा उल्लेख कसा आला नाही, याचे आश्चर्य वाटले, कारण सर्वसामान्य कल्पनेत मुघलांचा विलास म्हणजे सर्वांत आधी तोच असतो. अबुल फजलाने अकबराच्या जनानखान्यात पाच हजारांहून अधिक स्त्रिया असल्याचे लिहिले, आणि युरोपीय प्रवाशांनी, ज्यांना त्या भिंतींच्या आत क्वचितच कोणी जाऊ देत असे, त्यावर आपल्या कल्पनेचे इमले चढवले. अबुल फजलाचाच मजकूर नीट वाचला तर दिसते ते वेगळे आहे. त्या पाच हजारांत बादशहाच्या आई, आत्या, मावश्या, बहिणी, मागच्या बादशहांच्या विधवा, दाया, शिकवणाऱ्या बायका, दासी, पहारेकरणी आणि हिशेब ठेवणाऱ्या कारकुनिणी अशा सगळ्यांची गणती आहे. प्रत्येकीला नेमणूक होती, वर दारोगा होत्या आणि खर्चाची रीतसर नोंद होत असे. एका मोठ्या राजकुटुंबाचा तो वाडा होता.

या स्त्रियांचा पैसाही केवळ दागिन्यांत अडकलेला नव्हता. अकबराची पत्नी मरियम-उझ-झमानी हिचे ‘रहीमी’ हे जहाज मक्केच्या यात्रेकरूंना आणि मालाला घेऊन जात असे. पोर्तुगिजांनी ते १६१३ मध्ये पकडले तेव्हा जहांगीर आणि गोवेकर पोर्तुगीज यांच्यात उघड वैर झाले. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७६ मध्ये इतर स्त्रियांना घेऊन हजला गेली आणि १५८२ मध्ये परतली. मुमताजच्या मृत्यूनंतर तिच्या १ कोटीहून अधिक मालमत्तेतला अर्धा वाटा थोरल्या मुलीला, जहाँआराला, मिळाला आणि पुढे सुरत बंदराचे उत्पन्नही तिला लावून दिले गेले. त्याच जहाँआराने शाहजहानाबादेत चांदनी चौकाचा बाजार आणि प्रवाशांसाठी मोठी सराई बांधली. तिच्या वाट्याचा पैसा रयतेच्या आणि व्यापाऱ्यांच्या करांतून आला हे विसरू नये, मात्र तो नुसता उडवला गेला असे म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे.

प्रतिसाद : मुळाकाठ

मूळ लेखातला छावणीचा मुद्दा मान्य असूनही एक अडचण मांडतो. युद्ध आणि विलास यांना वेगळे खर्च म्हणून दाखवले आहे, पण त्या व्यवस्थेत दोन्ही एकाच दोरीने बांधलेले होते. १६४७ मध्ये जवळजवळ साडेचारशे वरिष्ठ मनसबदारांकडे साम्राज्याच्या निम्म्याहून अधिक महसुलाची नेमणूक होती. त्यांनी ठरलेले घोडेस्वार बाळगायचे, आणि स्वतःच्या इतमामासाठी वेगळी रक्कम घ्यायची. जहागिरी तीन-चार वर्षांनी बदलत, त्यामुळे गावात विहीर किंवा बांध घालण्यात जहागिरदाराला रस नसे. हाती आहे तोवर जेवढे काढता येईल तेवढे काढायचे, हीच प्रवृत्ती वाढत गेली. सरदार मेला की सरकारी येणी वसूल करण्यासाठी त्याची मालमत्ता जप्त होई आणि वारसांना काय द्यायचे ते बादशहा ठरवी. असा माणूस पैसा साठवील कशाला? हत्ती, पोशाख, बागा, मेजवान्या यांवर तो खर्च होणारच.

डच कंपनीचा पेलसार्ट १६२० च्या दशकात आग्र्याला होता. सरदारांच्या हवेल्या आणि त्यांच्या जेवणावळी पाहिल्यावर त्याने कारागिरांची घरेही पाहिली: मातीच्या भिंती, गवताचे छप्पर, चार मडकी, दोन खाटा आणि संध्याकाळी मुगाची खिचडी. सरदारांची ऐश कारागिरांना काम देत होती हे खरे असले तरी फ्रेंच प्रवासी बर्निए सांगतो त्याप्रमाणे त्या कामाचा मोबदला बहुधा देणाऱ्याच्या मर्जीवर असे. बर्निएचे सगळे जसेच्या तसे घेऊ नये, हे मान्य. तो फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याला पत्र लिहीत होता आणि जमिनीची खाजगी मालकी नसेल तर देश कसा बुडतो, हे त्याला आपल्याच राजाच्या कानावर घालायचे होते. तरी त्याचे एक निरीक्षण या धाग्यासाठी मोलाचे आहे. हिंदुस्थानचा बादशहा एका हाताने घेतो ते दुसऱ्या हाताने वाटून टाकतो, त्यामुळे तो वाटतो तितका श्रीमंत नाही, आणि शाहजहानासारख्याला चाळीस वर्षांत सहा कोटी रुपयेसुद्धा साठवता आले नाहीत, असे त्याने लिहिले आहे.

प्रतिसाद : देवगिरी

‘मुघल बादशहांचा विलास’ असा वेगळा कप्पा करण्यालाच माझा आक्षेप आहे, आणि तो कोणाची बाजू घेण्यासाठी नाही. पोर्तुगीज प्रवासी दोमिंगु पाइश १५२० च्या सुमारास विजयनगरात होता. कृष्णदेवरायाच्या महानवमीचे त्याचे वर्णन वाचताना, पायाच्या घोट्यापासून डोक्यापर्यंत दागिन्यांनी वाकलेल्या स्त्रियांची ती रांग आग्र्याच्या दरबारात सहज शोभली असती असे वाटते. शिवाजी महाराजांची राहणी किती साधी होती हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरीही राज्याभिषेकासाठी बत्तीस मण सोन्याचे तख्त सिद्ध केल्याचे बखरकार सभासद सांगतो. १६७४ मध्ये रायगडावर हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्सिंडेन याने सिंहासनाच्या बाजूंना भाल्यांवर लावलेली मोठ्या दातांची सोन्याची माशांची मुंडकी, घोड्यांची शेपटे आणि सोन्याचा तराजू पाहिल्याची नोंद केली. ही चिन्हे मुघल आणि दख्खनी दरबारांत ज्या अर्थाने ओळखली जात, त्याच अर्थाने ती तिथे होती. आता इथे स्वतंत्र राजा आहे, हे सर्वांना कळेल अशा रीतीने सांगायचे होते. त्या सिंहासनाला आपण उधळपट्टी म्हणत नाही आणि म्हणूही नये. मग मयूरसिंहासनाच्या बाबतीतही आधी त्याचा राजकीय उपयोग तपासावा आणि नंतर निवाडा करावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

दख्खनच्या सुलतानांचा हिशेब तर अजून कोणी मांडलेलाच नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने संगीताच्या वेडातून १५९९ मध्ये विजापूरजवळ नवरसपूर वसवायला घेतले आणि १६२४ मध्ये मलिक अंबरने ते उद्ध्वस्त केले. त्याच मलिक अंबरने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, डोंगरातले पाणी भुयारी नहरींनी आणले आणि त्यातल्या काही नहरी विसाव्या शतकापर्यंत चालू होत्या. अहमदनगरच्या निजामशहांनी फराहबाग बांधली, तशीच शहरात खापरी नळांनी पाण्याची व्यवस्थाही केली. विजापुरात गोलघुमट उभा राहत होता, त्याच काळात, १६५१ मध्ये, बेगम तलावातून शहराला पाणी आले. एकाच खजिन्यातून निघालेल्या या खर्चांना एकाच नावाने ओळखणे चुकीचे आहे.

प्रतिसाद : पैलतीर

विलासाची कथा कोणी आणि केव्हा रचली, हेही तपासावे असे सुचवते. अवधचा वाजिद अली शहा याचे उदाहरण बोलके आहे. ठुमरी, कथक आणि परीखान्यात रमलेला नालायक नवाब ही त्याची प्रतिमा आजही टिकून आहे. तो कलासक्त होता यात वाद नाही, आणि त्याच्या कारभारात गंभीर दोष होते हेही खरे. पण १८०१ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने अवधचा निम्मा मुलूख आधीच घेतला होता. त्याच्या आधीच्या गाजिउद्दीन हैदर या नवाबाकडून नेपाळच्या युद्धासाठी कंपनीने १८१४ व १८१५ मध्ये प्रत्येकी १ कोटी रुपये कर्ज घेतले, आणि ब्रह्मदेशाच्या युद्धासाठी पुन्हा १ कोटी. ज्या दरबाराच्या खजिन्यावर कंपनीची युद्धे चालली, तोच दरबार उधळा आहे असे कारण दाखवून १८५६ च्या फेब्रुवारीत राज्य खालसा झाले. नवाबाने तहावर सही करायला नकार दिला. त्याची आई मलिका किश्वर न्याय मागायला लंडनपर्यंत गेली आणि परतीच्या वाटेवर १८५८ मध्ये पॅरिसला वारली. त्याआधीचा नवाब आसफउद्दौला याने १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून लखनौचा मोठा इमामबाडा बांधायला काढला होता. कंपनीच्या कागदांत मात्र तोही उधळाच ठरला.

प्रतिसाद : जमाखर्च

अवधच्या उदाहरणाला मराठवाड्यातले एक उदाहरण जोडतो, कारण मूळ मुद्द्याशी त्याचा थेट संबंध आहे. सातवा निजाम मीर उस्मान अली खान १९३७ मध्ये जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून अमेरिकी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आला, आणि त्याच वेळी त्याच्या विटलेल्या टोपीच्या आणि जुन्या शेरवानीच्या गोष्टी घरोघरी सांगितल्या जात. त्याचा बाप महबूब अली खान याच्या पोशाखांच्या दालनांची कीर्ती होती, तरी १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर लोकांसाठी वाड्याचे दरवाजे उघडणारा राजा म्हणून हैदराबाद त्याचीच आठवण काढते. उस्मान अलीच्या काळात विद्यापीठ उभे राहिले, पूर अडवण्यासाठी १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर झाला. मात्र ही मोठी कामे राजधानीभोवती एकवटलेली राहिली. मराठवाड्याच्या वाट्याला आलेल्या गोष्टींत दुसऱ्या महायुद्धातली धान्याची लेव्ही होती. खळ्यावरून सक्तीने उचललेल्या ज्वारीची आठवण जुन्या पिढीने शेवटपर्यंत सांगितली, आणि १९४७-४८ च्या लढ्यात लेव्हीला विरोध हा गावागावांतला कार्यक्रम झाला. सर्फ-ए-खासचे, म्हणजे निजामाच्या खाजगी मिळकतीचे, तालुके वेगळेच. त्यांचे उत्पन्न १९४९ मध्ये दिवाणीत, म्हणजे सरकारी मुलखात, विलीन होईपर्यंत थेट त्याच्याकडे जात असे. राजाने स्वतः जुनी शेरवानी घातली म्हणून खळ्यावरची ज्वारी शिल्लक राहिली नाही.

प्रतिसाद : धागालेखक

चर्चेला आलेली खोली पाहून समाधान वाटले. मुळाकाठ यांचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मनसबदाराचा घोडा आणि त्याची मेजवानी एकाच जहागिरीतून येत होती, त्यामुळे युद्ध आणि विलास यांची पूर्ण फारकत करता येणार नाही. तरीही एक फरक राहतो. सरदाराची मेजवानी आग्र्यात, लाहोरात किंवा औरंगाबादेत विणकर, सोनार, अत्तरवाले, गवंडी यांच्या हातून जात होती आणि अपुऱ्या मजुरीच्या रूपाने का होईना, काही पैसा खाली झिरपत होता. वाकणखेड्याच्या वेढ्यात १७०५ मध्ये गाडलेल्या दारूगोळ्यातून आणि भीमेकाठच्या चिखलात मेलेल्या बैलांतून खाली काहीच झिरपले नाही. त्यात १६७९ मध्ये पुन्हा लावलेला जिझिया धरावा, जो ठरावीक दरांमुळे गरिबाला श्रीमंतापेक्षा जड जात असे. ज्या बादशहाने स्वतःच्या तुलेचे सोने वाचवले त्यानेच हा कर लावला.

देवगिरी यांनी कप्प्याविषयी लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे. या धाग्यातला निकष रायगडाला, शनिवारवाड्याला, विजयनगरला आणि दिल्लीला सारखाच लागू व्हावा.

यापुढचे काम माझ्या मते फारसी तवारिखांपेक्षा आपल्याकडच्या मराठी कागदांत अधिक आहे. १६८१ ते १७०७ या काळात आणि त्याच्या मागेपुढे गावे ओस पडली, रयत परागंदा झाली आणि मग पाटील-देशमुखांनी तिला परत आणण्यासाठी काही वर्षे सूट देणारे कौल दिले, याचे पुरावे कौलनाम्यांत, महजरांत (निवाडापत्रांत) आणि देशमुख घराण्यांच्या दप्तरांत आहेत. असा प्रत्येक कौल एका गावापुरता हिशेब सांगतो: किती जमीन पडीक होती, किती वर्षांची सूट होती, कोणत्या वर्षी कोणती फौज गावावरून गेली. नीरा, कऱ्हा, माण आणि सीना या नद्यांच्या खोऱ्यांतले असे कागद ज्या सदस्यांच्या पाहण्यात आले असतील, त्यांनी गावाचे नाव, साल आणि सुटीची मुदत एवढे तरी इथे नोंदवावे. त्या नोंदी एकत्र झाल्या की छावणीच्या वाटेचा नकाशा आणि ओस गावांचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहता येईल.